बेळगाव भागातले जुने वाडे, देवळं बघायला ग्रुप न्यायचाय? आधी हे वाचा

गाडी, पाणी, टोप्या तुमचं तुम्ही बघा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जावा, पावसाळ्यात खानापूरकडं नको.

सुरुवात बेळगावच्या किल्ल्यापासनं करा. तिथली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, १२०४ सालची, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज यानं बांधलेली. मंडपात मधोमध उभं राहून मान वर करा, ७२ पाकळ्यांचं दगडी कमळ छतातनं खाली उतरलेलं दिसतंय. किल्ल्यात लष्कराचाही भाग आहे, बोर्ड वाचून मगच कॅमेरा काढा.

मग खानापूर, नंदगड करत हलशी. कदंब राजांची जुनी पलाशिका नगरी ती हीच. भूवराह नरसिंह मंदिरात दोन गाभारे समोरासमोर आहेत, मधी उभं राहून दोन्हीकडं बघा.

आता अवघड काम, माणसं राहत असलेला जुना वाडा. इथं मलाही सुरुवातीला लई जड गेलं. 'गावात कुणालाही विचारा, लोक प्रेमळ आहेत, आत घेतात' असं सगळीकडं लिहिलेलं असतंय, आणि हाच सल्ला सगळ्यात वाईट. लोक प्रेमळ आहेतच, म्हणून तर दारात आलेल्या वीस जणांना ते नको म्हणू शकत नाहीत आणि त्या घरच्या बाईचा सगळा दिवस चहा करण्यात जातोय.

आठवडाभर आधी दोघंच जावा, एक बाईमाणूस बरोबर असू दे. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाला फोन लावून परवानगी घेतली म्हणजे झालं असं समजू नका, तो हो म्हणतोय पण घर सांभाळतात त्या आजी, त्यांनाच विचारा. कन्नड घर असलं तर 'अज्जी, ओळग बर्लेन्री?' (आजी, आत येऊ का?) एवढं तरी म्हणा. चहा करू नका हे तेव्हाच सांगा, आणि ग्रुप घेऊन जाताना कुंद्याचा, म्हणजे बेळगावच्या मिठाईचा, एक बॉक्स न्या. देवघर, चूल, न्हाणी यांचे फोटो अजिबात नकोत, आजी हो म्हणाल्या तरी नको.

आत गेल्यावर सोप्यातच, म्हणजे पुढच्या ओसरीतच थांबा, पळत माडीवर जाऊ नका. खांबाच्या बुडाशी वाकून बघा, लाकूड जमिनीला टेकलेलंच नसतंय, खाली दगडी तळखडा असतोय, त्यामुळं ओल वर चढत नाही आणि वाळवी लागली तरी लगेच नजरेत येते. मग खण मोजा, म्हणजे दोन खांबांमधली जागा. मधेच विटांची भिंत आडवी आली तर तिथं भावांच्या वाटण्या झाल्यात, कुणाला किती खण आले ते आजी आपणहून सांगतील, तुम्ही खोदून विचारू नका.

माडीवर एका वेळी चौघंच, आणि पाय तुळईच्या, म्हणजे फळ्यांखालच्या आडव्या लाकडाच्या, रेषेवर ठेवा, फळ्यांच्या मधी नको. 'कौलं काढून स्लॅब का टाकला?' हे तर कुणीच विचारायचं नाही, दरसाल गळणारं छप्पर शाकारायला लागणारा पैसा आणि माणसं तुम्ही देणार नाही. ग्रुपला हे गाडीतच बजावून सांगा, दारात सांगितलेलं कुणी ऐकत नाही.

अर्ध्या तासात बाहेर या. फोटो व्हॉट्सॲपवर टाकून मोकळं होऊ नका, प्रिंट काढून महिन्याच्या आत घरी नेऊन द्या, त्यात आजींचा सोप्यात बसलेला एक तरी पाहिजेच.