जुन्या लेथला थ्री-फेज मोटार आणि ड्राइव्ह बसवताना

कुपवाड-मिरजेच्या एमआयडीसीत एखादं शेड सीएनसीकडे, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनकडे, वळलं की तिथली साडेचार किंवा सहा फुटी लेथ विकायला निघते. बेड बरा असतो, हेडस्टॉक (कातायचा तुकडा, म्हणजे जॉब, फिरवणारी पेटी) दणकट असतो, भाव परवडतो, आणि हौशी माणूस ती घराच्या मागच्या खोलीत आणून ठेवतो. अडचण त्यानंतर सुरू होते. मशीनवर थ्री-फेज मोटार आणि घरात सिंगल फेज.

यावर तीन सल्ले हमखास मिळतात. कपॅसिटर लावून तीच मोटार चालव, हा पहिला. मोटार फिरते, पण ताकद बरीच कमी होते, तिन्ही वाइंडिंगला सारखा करंट जात नाही आणि एक फेज तापत राहतो. सिंगल-फेज मोटार बसव, हा दुसरा. तिचा टॉर्क सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो आणि बारीक फिनिशिंगच्या कटवर ती लहर उमटू शकते. शिवाय उलटी फिरवायची तर आधी ती पूर्ण थांबावी लागते. तिसरा सल्ला थ्री-फेज कनेक्शन घेण्याचा. तो चुकीचा नाही, पण स्पीड बदलायला तुम्ही बेल्टच सरकवत बसणार. घरातल्या कामाला सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणारा आणि फ्रिक्वेन्सी (हर्ट्झ) कमी-जास्त करून मोटारीचा स्पीड बदलणारा ड्राइव्ह, म्हणजे व्हीएफडी, हाच योग्य मार्ग आहे. साडेचार फुटी लेथला दोन एचपी, म्हणजे दीड किलोवॉट, भरपूर होतात.

लेथ लेव्हलला आहे, हेडस्टॉकच्या बेअरिंगमध्ये खेळ नाही आणि घराचं अर्थिंग मोजून घेतलेलं आहे, हे मी गृहीत धरतो. अर्थिंगची खात्री नसेल तर आधी ते करून घ्या, ड्राइव्हची खरेदी नंतर.

ड्राइव्ह घेताना पाटीवर इनपुट सिंगल फेज २३० व्होल्ट आणि आउटपुट थ्री फेज २३० व्होल्ट असं स्पष्ट लिहिलेलं हवं. थ्री-फेज इनपुटचा ड्राइव्ह सिंगल फेजवर चालवायचा तर साधारण दुप्पट क्षमतेचा घ्यावा लागतो, आणि ४१५ व्होल्टचा ड्राइव्ह घरच्या २३० वर मुळात चालतच नाही. २३० घेऊन ३८० देतो असं सांगून विकले जाणारेही मिळतात. त्यांच्या इनपुटवर आणि कपॅसिटरवर जादा ताण येतो. त्यांच्या नादी लागण्यापेक्षा मोटारीचं कनेक्शन बदला.

मोटारीचं कनेक्शन

माझा सगळ्यात जास्त वेळ याच पायरीने खाल्ला आहे, आणि लोकांचे ड्राइव्ह ‘ताकद देत नाहीत’ म्हणून परत जातात तेही बहुतेक याच पायरीमुळे.

मोटारीची पाटी वाचा. आपल्याकडच्या दीड किलोवॉटच्या मोटारीवर साधारण असं असतं: ४१५ व्होल्ट, स्टार, ३.४ अँपिअर, १४४० आरपीएम. स्टारमध्ये तिन्ही वाइंडिंगचं एकेक टोक एका जागी जोडलेलं असतं. त्यात दोन वाइंडिंग मिळून ४१५ व्होल्ट झेलतात, म्हणजे एकेका वाइंडिंगच्या वाट्याला ४१५ भागिले १.७३, म्हणजे सुमारे २४० व्होल्ट येतात. तुमचा ड्राइव्ह २३० देणार. मोटार तशीच स्टारमध्ये जोडली तर प्रत्येक वाइंडिंगला १३३ व्होल्टच मिळतात आणि टॉर्क जवळपास एक तृतीयांशावर येतो. मोकळी फिरताना काही कळत नाही. दोन मिलिमीटरचा कट घेतला की चक (जॉब पकडून फिरवणारा भाग) जागच्या जागी थांबतो. तीच मोटार डेल्टामध्ये, म्हणजे तिन्ही वाइंडिंग त्रिकोणात, जोडली की प्रत्येक वाइंडिंगला पूर्ण २३० मिळतात. काम एवढंच आहे: स्टार उघडायचा आणि डेल्टा बांधायचा.

टर्मिनल बॉक्स उघडल्यावर सहा टोकं दिसली तर अर्ध्या तासाचं काम. आडवी पट्टी काढा आणि तीन उभ्या पट्ट्या लावा, म्हणजे यू१ ला डब्ल्यू२, व्ही१ ला यू२ आणि डब्ल्यू१ ला व्ही२.

पण जुन्या मोटारीत बहुधा तीनच वायरी बाहेर आलेल्या असतात. स्टारचा जोड आत, वाइंडिंगच्या डोक्यावर स्लीव्हखाली बांधून वर वॉर्निश मारलेलं असतं. इथे दुकानदार ‘ही मोटार चालणार नाही, नवी घ्या’ म्हणतो. चालते. मोटार चांगल्या वाइंडिंगवाल्याकडे न्या आणि ‘स्टार पॉइंट उघडून सहा टोकं बाहेर काढून द्या’ असं नेमकं सांगा. ‘ड्राइव्हवर चालवायची आहे’ एवढंच सांगितलंत तर तो आख्खं वाइंडिंग नव्याने भरून देईल आणि तेवढे पैसे लावेल.

शक्य असेल तर शेजारी उभे राहा. साइड कव्हर काढल्यावर तो बोटाने जाड स्लीव्ह चाचपतो. वॉर्निशने ती कडक झालेली असते. हीट गनने थोडी गरम केली की दोरी सुटते आणि आत तीन तारा एकत्र पिळून ब्रेझ केलेल्या (झाळून जोडलेल्या) दिसतात. काही मोटारींत प्रत्येक फेजला दोन समांतर तारा असतात, तेव्हा त्या गाठीत सहा तारा निघतात. कुठली जोडी कुठल्या फेजची हे मीटरने तपासल्याशिवाय एकही तार कापू देऊ नका. तारा सुट्या झाल्या की प्रत्येकीला नवी लवचीक वायर ब्रेझ करायची, वर फायबरग्लासची स्लीव्ह चढवायची आणि दोरीने घट्ट बांधायचं. ढिली वायर रोटरला घासली तर सगळं वाइंडिंग जातं. शेवटी वॉर्निश आणि वाळवण.

यात एक गोष्ट आपल्या बाजूची असते. स्टारमध्ये जुळलेली तिन्ही टोकं शेवटचीच असतात, त्यामुळे उलट-सुलट ओळखायची कटकट उरत नाही. आधीच्या तीन वायरी यू१, व्ही१, डब्ल्यू१. मीटरने सातत्य बघून ज्या नव्या वायरीचा संबंध यू१ शी लागतो ती यू२, आणि बाकीच्या दोन तशाच. खुणांच्या नळ्या तिथेच चढवून घ्या, घरी आणून चढवू म्हणू नका.

आता माझा हट्ट असलेली तपासणी. स्टार उघडण्याआधी कुठल्याही दोन वायरींमधला रेझिस्टन्स मोजून लिहून ठेवा. डेल्टा बांधल्यावर पुन्हा मोजा. आकडा बरोबर एक तृतीयांश यायला हवा: आधी ९ ओहम असेल तर आता ३. तिन्ही जोड्यांत सारखा आला पाहिजे. एक जोडी वेगळी दाखवत असेल तर जोड कच्चा आहे किंवा वायर चुकली आहे, आणि ड्राइव्हला हात लावायची वेळ अजून आलेली नाही.

पट्ट्या लावण्याआधी, तिन्ही वाइंडिंग सुटी असताना, ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) प्रत्येक वाइंडिंग बॉडीशी आणि एकमेकांशी तपासा. एक मेगओहमच्या खाली आकडा असेल तर मोटार वाळवायला परत द्या. सांगलीत जुनी मोटार घेताना हे फारच महत्त्वाचं आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात बऱ्याच मोटारी पाण्यात गेल्या होत्या, आणि वरून रंग मारला की बाहेरून काही कळत नाही. मेगर लावताना ड्राइव्ह जोडलेला नसावा, ते ५०० व्होल्ट त्याची आउटपुट बाजू जाळू शकतात.

डेल्टात मोटारीचा करंटही बदलतो. ३.४ गुणिले १.७३, म्हणजे सुमारे ५.९ अँपिअर. ड्राइव्हच्या मोटार-करंटच्या पॅरामीटरमध्ये हाच आकडा भरायचा, पाटीवरचा ३.४ नाही.

तीन एचपी आणि त्यावरच्या मोटारी आपल्याकडे बहुधा ४१५ व्होल्टला डेल्टातच येतात. त्यांच्यात उघडायला स्टार नसतो. अशी मोटार २३० च्या ड्राइव्हवर पूर्ण ताकदीने कधीच चालणार नाही. ती विका आणि दोन एचपीची घ्या.

वायरिंग

दीड किलोवॉटचा ड्राइव्ह सिंगल फेजवरून १४-१५ अँपिअरपर्यंत ओढतो. त्यामुळे भिंतीच्या प्लगवर नको. मीटरपासून वेगळी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची लाइन आणि २० अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी. ड्राइव्हमुळे घरातला आरसीसीबी (करंट अर्थला गळला की लाइन तोडणारा स्विच) पडत असेल तर तो बायपास करू नका, ड्राइव्हच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या टाइपचा वेगळा लावून घ्या. हे सगळं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

ड्राइव्ह ते मोटार केबल आखूड आणि शील्ड असलेली, शील्ड दोन्ही टोकांना अर्थला. या केबलच्या मध्ये कुठलाही स्विच नको. लेथवरचा जुना फॉरवर्ड-रिव्हर्स स्विच मोटारीच्या लाइनमध्ये असतो, तो तिथून काढा. चालू ड्राइव्हचं आउटपुट स्विचने तोडणं हा ड्राइव्ह मारण्याचा सोपा मार्ग आहे. तोच स्विच कंट्रोलच्या टर्मिनलवर दिशा बदलायला वापरता येतो. स्पीडच्या पोटेन्शिओमीटरची, म्हणजे नॉबची, वायर पॉवर केबलपासून लांब न्या, तिची शील्ड फक्त ड्राइव्हच्या बाजूला अर्थ करा.

कव्हर उघडायचं असेल तर मेन बंद केल्यावर १० मिनिटं थांबा. आतल्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्ट डीसी साठलेले असतात.

लाईट गेली आणि आली

यावर मी अडून बसतो. टू-वायर पद्धतीत चालू-बंदचा साधा स्विच लावलेला असतो. लाईट गेली, तुम्ही चकमध्ये चावी घालून जॉब सैल करायला लागलात, स्विच चालूच राहिला, आणि लाईट आली. बऱ्याच ड्राइव्हवर मशीन आपोआप सुरू होतं आणि चावी चकमध्येच असते. म्हणून थ्री-वायर पद्धत: हिरवं बटण दाबून सोडायचं, लाल बटण नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे दाबल्यावर सर्किट तोडणारं. लाईट आल्यावर हिरवं बटण पुन्हा दाबल्याशिवाय काही फिरता कामा नये. ऑटो-रिस्टार्टचं पॅरामीटर बंद आहे का, हे डोळ्यांनी बघा. मग चकमध्ये काही नसताना मशीन चालवा, मेन पाडा, पुन्हा चढवा, आणि मशीन मेल्यासारखं पडून राहतं का याची खात्री करा. इमर्जन्सी स्टॉपने ड्राइव्हच्या आधीचा काँटॅक्टर (विजेवर चालणारा मोठा स्विच) सुटून पुरवठा तुटला पाहिजे, आणि ते स्टॉप बटण टेलस्टॉकच्या (लेथच्या दुसऱ्या टोकाच्या) बाजूने उभं राहूनही हाताला लागलं पाहिजे.

चक सुटण्याचा धोका

जुन्या लेथचा चक बहुतेक आट्यांवर असतो. ड्राइव्ह नव्हता तेव्हा मशीन हळूच थांबायचं, म्हणून कुणाला काळजी नव्हती. ड्राइव्ह मात्र एका सेकंदात थांबवू शकतो आणि तितक्याच झटक्यात उलटा फिरवू शकतो. स्पिंडल थांबतो, वजनदार चक पुढे जायला बघतो आणि आटे सुटतात. सुरू व्हायला ३ सेकंद, थांबायला ५ सेकंद, याहून कमी ठेवू नका. आट्यांच्या चकवर ब्रेक रेझिस्टर (मोटार झटक्यात थांबवायला ड्राइव्हला जोडतात तो) लावूच नका. उलट्या दिशेने कट घ्यायचा नाही. लीडस्क्रू (आटे पाडताना टूलची कॅरेज ओढणारा लांब स्क्रू) इंचाचा असताना मेट्रिक आटे पाडताना हाफ नट (कॅरेज त्या स्क्रूला अडकवणारा नट) न उघडता मशीन उलटं फिरवून कॅरेज मागे आणायची असते. ड्राइव्हचा मला सगळ्यात जास्त उपयोग इथेच होतो. पण ते १५ हर्ट्झच्या आत आणि टूल पूर्ण मागे घेऊनच करायचं.

पॅरामीटर आणि बॅक गिअर

व्होल्टेज २३०, बेस फ्रिक्वेन्सी ५०, करंट डेल्टाचा, कमाल ७० हर्ट्झ. ऑटो-ट्यून (ड्राइव्हने मोटारीची मापं स्वतः घेणं) असेल तर बेल्ट उतरवून करा. हेडस्टॉकला ब्राँझचे बुश असतील तर कमालही ५० वरच ठेवा.

आता पुली आणि बॅक गिअर (स्पिंडल हळू पण जोरात फिरवणारे गिअर) काढून टाका म्हणणाऱ्यांविषयी. त्यांचं अजिबात ऐकू नका. ५० हर्ट्झच्या खाली टॉर्क जवळपास तेवढाच राहतो, पण ताकद स्पीडच्या प्रमाणात घटते. १० हर्ट्झला दोन एचपीची मोटार जेमतेम ०.४ एचपी देते, आणि तिचा पंखाही तितकाच हळू फिरत असल्याने ती तापते. २५ मिलिमीटरच्या माइल्ड स्टीलला हायस्पीड टूलने मिनिटाला २५ मीटरची गती हवी असेल तर सुमारे ३२० आरपीएम लागतात. ते पुलीच्या मधल्या टप्प्यावर मोटार ४०-५० हर्ट्झला ठेवून मिळवा. २०० मिलिमीटरची बिडाची डिस्क असेल तर बॅक गिअर घाला. ड्राइव्हने स्पीड बारीक जुळवायचा, जड कामाचा टॉर्क गिअरने आणायचा. फेसिंग करताना टूल मध्याकडे सरकेल तसा नॉब वाढवत नेला की फिनिशिंग कडेपासून मध्यापर्यंत एकसारखं येतं. हे बेल्टवर कधीच जमत नव्हतं.

बाकीचं

ड्राइव्ह बंद पॅनेलमध्ये ठेवा. लोखंडाचा कीस आत गेला की बोर्ड शॉर्ट होतो. पॅनेलला फिल्टर असलेला पंखा लावा, एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या खोलीत त्याची गरज पडते. कृष्णेच्या जवळच्या भागात राहत असाल तर घरावरच्या पुराच्या खुणेच्या वर पॅनेल टांगा, आणि मोटारीला पटकन सुटणारा प्लग-कनेक्टर द्या, म्हणजे पाण्याचा इशारा आला की ती उचलून वर नेता येते. ड्राइव्ह बंद केल्यावरच तो उघडायचा.

डीआरओ (टूल किती सरकलं ते आकड्यात दाखवणारा डिस्प्ले) बसवणं सोपं आहे. आधी क्रॉस स्लाइडला स्केल लावा आणि डिस्प्ले डायमीटर मोडवर ठेवा. बेडच्या लांबीची स्केल नंतर घेतली तरी चालते. इलेक्ट्रॉनिक लीडस्क्रूचा, म्हणजे गिअरऐवजी स्टेपर मोटारीने लीडस्क्रू फिरवण्याचा, विचार ड्राइव्ह काही महिने विनातक्रार चालल्यावर करा. स्पिंडलचं फिरणं मोजणाऱ्या एन्कोडरचे सिग्नल ड्राइव्हच्या गोंगाटाने बिघडतात, आणि अर्थिंग-शील्डिंग नीट नसेल तर स्टेपरला दोष देत बसाल.

पहिल्या दिवशी बेल्ट उतरवून मोटार ५० हर्ट्झला अर्धा तास मोकळी चालवा. तिन्ही वायरींवर क्लँप मीटर फिरवा. ड्राइव्हच्या आउटपुटवर साधा मीटर अचूक आकडा देत नाही, पण तिन्ही सारखे आहेत का ते नक्की दाखवतो. मग बेल्ट चढवून २० हर्ट्झवर हलका कट घ्या आणि १५ मिनिटांनी मोटारीच्या बॉडीला हात लावा. हात ठेवताच येत नसेल तर मोटारीवर वेगळ्या वीजपुरवठ्याचा पंखा बसवा किंवा पुलीचा खालचा टप्पा घेऊन हर्ट्झ वाढवा.