कॉम्प्युटर सुरू होत नाही? फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

"कॉम्प्युटर सुरूच नाही होऊन राहिला" असं नागपुरात कोणालाही सांगून बघा. पंखा फिरतो का, स्क्रीनवर काही दिसतं का, हे कोणी विचारत नाही. थेट सल्ला येतो, "फॉरमॅट मारून टाक ना भाऊ." फॉरमॅटने विंडोज नव्याने बसतं, बस. एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा), रॅम (तात्पुरती मेमरी), केबल किंवा मदरबोर्डवरची (सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य बोर्डावरची) बॅटरी त्याने सुधारत नाही. आणि आपल्याकडची धूळ, मे महिन्यातलं पंचेचाळिशीचं ऊन आणि विजेचे झटके त्रास देतात ते याच भागांना.

म्हणून आधी घोडं कुठे अडलं ते बघा. बटण दाबल्यावर काहीच होत नाही? पंखे फिरतात पण स्क्रीन काळी? कंपनीचं चिन्ह येतं आणि पुढे डिस्क सापडत नाही? की विंडोज सुरू होता होता अडकतं? फॉरमॅटचा संबंध आला तर फक्त शेवटच्या प्रकारात, तोही सगळे उपाय करून झाल्यावर.

यूपीएस चांगलाच आहे असं धरून चालणं

काहीच होत नसेल तर कॅबिनेट उघडायची घाई नको. कॉम्प्युटरची केबल यूपीएसमधून काढून थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा. यूपीएसमधली लेड-अ‍ॅसिड बॅटरी उष्णतेने लवकर म्हातारी होते. २५ अंशांच्या वर दर १० अंशांमागे तिचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. बंद खोलीत, टेबलाखाली कोंबलेल्या यूपीएसचं उन्हाळ्यात काय होत असेल ते सांगायला नको.

कूलर आणि कॉम्प्युटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर असतील तर आजच वेगळे करा. कूलरची मोटर सुरू होताना क्षणभर व्होल्टेज पडतं आणि कमकुवत एसएमपीएस तेवढ्यात मान टाकतो. कूलरचा झोत कॅबिनेटवर येत असेल तर तोही वळवा. दमट हवेत धूळ आत चिकटून बसते आणि रॅमच्या संपर्कपट्ट्या खराब होतात.

काही एसएमपीएसच्या मागे ११५ आणि २३० लिहिलेलं लाल बटण असतं. ते २३० वरच राहू द्या. ११५ वर सरकवून प्लग लावला तर बहुधा एक आवाज येईल आणि नवा एसएमपीएस घ्यावा लागेल. एसएमपीएसचा डबा मात्र कधीच उघडू नका. प्लग काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर दाब काही काळ टिकून राहू शकतो.

स्क्रीन काळी म्हणजे मदरबोर्ड गेला, असं समजणं

वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची एचडीएमआय केबल त्या कार्डाला लावायची असते, मदरबोर्डला नाही. घर झाडल्यावर, दिवाळीच्या साफसफाईत, ही केबल हमखास चुकीच्या जागी जाते.

केबल बरोबर असेल तर रॅम बघा. प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा (आपल्या कोरड्या उन्हाळ्यात हे खरंच महत्त्वाचं). मग रॅम काढून सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, कीस झटका आणि 'टक' आवाज होईपर्यंत परत बसवा. रॅमच्या दोन कांड्या असतील तर एकेक लावून बघा. बीपच्या आवाजांचा अर्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, तो मदरबोर्डच्या पुस्तिकेतूनच घ्या. नवीन बोर्डांवर बीपऐवजी छोटे दिवे असतात. जो पेटून राहतो, घोटाळा त्या भागाशी.

डीडीआर५ (नव्या पिढीची) रॅम नव्याने लावली असेल तर पहिल्यांदा काही मिनिटं स्क्रीन काळीच राहू शकते. मध्येच बंद करू नका.

"डिस्क सापडत नाही" वाचून नवी डिस्क आणणं

सगळ्यात जास्त पैसा वाया जातो तो इथे. आधी पेनड्राइव्ह काढा. मग बायोसमधली (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, मदरबोर्डच्या सेटिंगच्या पडद्यावरची) तारीख बघा. ती भलत्याच जुन्या वर्षाची असेल तर मदरबोर्डवरची सीआर २०३२ ही ३ व्होल्टची नाण्यासारखी बॅटरी संपलेली आहे. ती संपली की बायोसच्या सेटिंग मूळ जागी जातात. बूटचा क्रम (कुठल्या डिस्कवरून आधी सुरू व्हायचं तो) बदलतो, सॅटाचा (डिस्क जोडण्याच्या पद्धतीचा) मोड बदलू शकतो, जुन्या पद्धतीने टाकलेलं विंडोज यूईएफआय (बायोसच्या नव्या पद्धतीच्या) मोडमध्ये दिसेनासं होतं. डिस्क धडधाकट, विंडोज धडधाकट, आणि तरी निळी स्क्रीन! अशा वेळी बॅटरी बदलून सेटिंग जागेवर आणली की काम होतं. दुकानदाराने हे न बघता फॉरमॅट सुचवला, तर दुकान बदललेलं बरं.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र पुनःपुन्हा सुरू करून बघू नका. प्रत्येक वेळी डेटा वाचवण्याची शक्यता कमी होते.

विंडोज अडकलं की थेट फॉरमॅट

विंडोज १० आणि ११ दोन-तीनदा अर्धवट सुरू होऊन बंद पडलं की दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. ट्रबलशूट, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स. तिथे आधी स्टार्टअप रिपेअर. गडबड अपडेटनंतर झाली असेल तर अनइन्स्टॉल अपडेट्स. त्यानेही नाही झालं तर सेफ मोड (फक्त गरजेपुरत्या गोष्टींवर चालणारं विंडोज).

निळ्या पडद्यावर बिटलॉकरची (डिस्कला लावलेल्या विंडोजच्या कुलपाची) ४८ अंकी किल्ली मागितली तर घाबरू नका, ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते. पण हाताशी नसेल तर बायोसमध्ये खेळ करण्याआधी शोधून ठेवा.

शेवटी फॉरमॅट करायचंच ठरलं, तर एक गैरसमज सोडा. "माझे फोटो डेस्कटॉपवर आहेत, सी ड्राइव्हमध्ये नाहीत." डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स सहसा सी ड्राइव्हमध्येच असतात, आणि फॉरमॅट होतो तो सी ड्राइव्हच. डिस्क काढून केबलने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा किंवा पेनड्राइव्हवरून उबंटू (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम) न बसवता चालवा आणि फायली उतरवून घ्या.

कॉम्प्युटर बर्डीतल्या (नागपूरच्या बाजारातल्या) दुकानात न्यावाच लागला तर पावतीवर "डेटा पुसू नये" असं लिहून घ्या. फक्त एसएमपीएस बदलायचा असेल तर डिस्क काढून घरीच ठेवा; त्या कामाला ती लागत नाही.