हरिपाठाचा नेम नवव्या दिवशी का मोडतो? या चुका टाळा

आषाढी झाली की आमच्या भजनी मंडळात चार-पाच नवी तोंडं दिसतात. वारीचे व्हिडिओ पाहून मन भरून आलेलं असतं, हातात नवीकोरी माळ असते आणि पहिला प्रश्न ठरलेला: "काकू, रोज किती माळा करायच्या?" कार्तिकीपर्यंत त्यातली एखादी उरते. पिंपरीत बावीस वर्षं हे पाहतेय. नेम मोडायची कारणं दरवर्षी तीच असतात, फक्त माळा बदलतात.

पहिल्याच दिवशी डोंगर उचलणं

हे शहाणपणानं सांगत नाही, आपटून सांगते. मी नोकरीत असतानाची गोष्ट. कचेरीत आवक-जावक बघायचे. एका आषाढीला ठरवलं, पहाटे चारला उठायचं, ११ माळा करायच्या, पूर्ण हरिपाठ म्हणायचा आणि वर ज्ञानेश्वरीच्या १०० ओव्या वाचायच्या. एकूण ओव्या ९ हजारांवर, म्हणजे तीन महिन्यांत पारायण पुरं, असा हिशेबसुद्धा वहीत मांडला. कारकुनी डोकं, दुसरं काय!

पहिले तीन दिवस पाय जमिनीला लागत नव्हते. पाचव्या दिवशी आवक रजिस्टरवर डुलकी लागली. सातव्या दिवशी मुलगा डब्यासाठी हाका मारत होता आणि मी डोळे न उघडता त्याला हातानं "थांब" दाखवत होते. तो तसाच, डबा न घेता शाळेत गेला. नवव्या दिवशी पहाटे दूध तापत ठेवून जपाला बसले आणि माळ हातात धरूनच झोपले. दूध उतू गेलं, गॅसची ज्योत विझली, घरभर वास. सासूबाई उठल्या, बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या आणि दिवसभर एक अक्षर बोलल्या नाहीत. संध्याकाळी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "देवाला काय तुझ्या हापिसावानी हजेरीपट लागतो व्हय गं?"

सासूबाई फलटणकडच्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांचा नेम म्हणजे काडी ओढली की "रामकृष्णहरी", भाकरी तव्यावर टाकली की "रामकृष्णहरी", दाराची कडी काढली तरी तेच. मी त्याला नेम मानतच नव्हते. बाईला सवय आहे, तोंडातून येतं, एवढंच वाटायचं. त्या वेळी मला ११ माळांचा तोरा होता ना.

हरिपाठाची पहिली ओळ आपल्याला झोपेतही येते: "देवाचिये द्वारीं उभा क्षणभरी". माउली मागतात क्षण. आपण उत्साहात अडीच तास कबूल करतो आणि नवव्या दिवशी तो क्षणही देत नाही. जनाबाईनं दळता-कांडता नाम घेतलं, त्यासाठी जातं बाजूला सारून बसल्याचं काही ती सांगत नाही.

म्हणून नव्या बायकांना मी एकच सांगते. एक अभंग, तोही पहिलाच. महिनाभर तेवढाच, देवघरासमोर उभं राहून. तो एकही दिवस न चुकता झाला, तर पुढे आठवड्याला एक अभंग वाढवायचा. २७ अभंग आहेत, वर फलश्रुतीचा एक. पाठ व्हायला सहा-सात महिने लागतात. हे ऐकून चेहरे पडतात. "काकू, सहा महिने? मी तर २१ दिवसांत सवय लागते असं ऐकलंय." ऐकलं असेल बाई. मग बाविसाव्या दिवशी मला भेटायला ये.

नेम घड्याळाला बांधणं

"रोज सकाळी सहा वाजता" असं ठरवलं की पाहुणे, आजारपण, लग्नाचा हंगाम, सगळे सहालाच येतात. नेम घड्याळाला नाही, कामाला बांधावा. चहाचं आधण ठेवलं की एक अभंग, तुळशीला पाणी घातलं की नाम, असं. यातही मी एकदा फसलेय. सकाळचं पाणी भरताना हरिपाठ, असं छान बसवलं होतं. बादल्या, पिंप, टाकी भरेपर्यंत निम्मा व्हायचा. मग २०१९ च्या अखेरीपासून पिंपरी-चिंचवडला पाणी दिवसाआड यायला लागलं आणि माझा हरिपाठही दिवसाआड झाला! दोन महिने ते माझ्या लक्षातही आलं नाही. तेव्हा जे काम रोज आणि तुमच्याच हातून होतं, त्याला नेम बांधा. नळाला नको, कामवालीच्या वेळेला तर नकोच.

आकड्यांच्या मागे लागणं

ही माझ्या डोक्यात जाणारी चूक. हल्ली बोटात घालायचं ते बटणवालं यंत्र मिळतं, दाबलं की आकडा पुढे. बायका भाजी घेताना, फोनवर बोलताना बटण दाबत असतात. बोट जप करतंय, तोंड कोथिंबिरीच्या भावावर.

पण यंत्राला नावं ठेवायचा मला तरी काय अधिकार? आमच्याच मंडळात एकदा सव्वा लाख जपाचा संकल्प झाला. वीस जणी, महिनाभर, रोज रात्री व्हॉट्सअॅपवर आपापल्या माळा कळवायच्या. माळेचे मणी १०८, पण आमच्यात १०० च मोजतात. वरचे ८ चुकलेमाकलेले, मन भरकटलेले. म्हणजे एकूण १२५० माळा, प्रत्येकीला रोज दोनच्या आसपास. सहज जमावं असं काम. पण तिसऱ्या दिवशी एकीनं "२१" असं टाकलं आणि पुढे नमस्काराचं चित्र. दुसऱ्या दिवशी कोणी २५, कोणी ३१. मला एका माळेला चार-पाच मिनिटं लागतात. नातवाला सांभाळून माझ्या तीन झाल्या होत्या. मी ११ लिहिले.

हो, खोटे लिहिले. देवाच्या नावाचा खोटा आकडा, आणि त्यावर आठ जणींचे जोडलेले हात. रात्रभर झोप नाही. सकाळी ग्रुपवर "काल ३ च झाल्या, चुकून ११ लिहिलं" असं टाकलं. त्यातलं "चुकून"ही खोटंच होतं. गंमत म्हणजे त्या दिवसापासून बाकीच्यांचे आकडेही धडाधड उतरले. कोणी काही बोललं नाही. संकल्प पुरा व्हायला दोन महिने लागले.

तेव्हापासून मी मोजत नाही. माळ हातात असते, मेरुमणी, म्हणजे टोकाचा मोठा मणी, आला की फिरवून परत उलट चालू लागते. त्या वरच्या आठ मण्यांची सोय ज्यानं कोणी घातली, त्याला माणसाचं मन नीट ठाऊक होतं.

आता बाकीच्या भरभर सांगते.

एक दिवस चुकला म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका. ही काही घरपट्टीची थकबाकी नाही. जेवढं रोज होतं तेवढंच, आणि गुपचूप.

फोनवर हरिपाठ लावू नका. "हरि मुखें म्हणा" चालू असताना मधेच कर्जाची जाहिरात येते, ती बंद करायला बोट जातं आणि पंधरा मिनिटांनी तुम्ही कुणाच्या तरी लग्नातला नाच बघत असता. दहा-वीस रुपयांची छोटी पोथी घ्या. माझीची पानं हळदीनं पिवळी झालीत.

मासिक पाळी आली, सुतक आलं की नेम थांबवायचा का, हे दर महिन्याला कोणीतरी कुजबुजत विचारते. पूजेचं, देवघराचं तुमच्या घरी जसं असेल तसं पाळा. नामाबद्दल मात्र हरिपाठातच स्पष्ट आहे: "काळ वेळ नाम उच्चारितां नाहीं". यापलीकडे मला काही बोलायचं नाही, आणि यावर वाद घालायला माझ्या दारी येऊ नये.

अधिक महिन्यात धरलेला नेम लगेच पुढच्या निज महिन्यात सुटतो. चांगला मुहूर्त पाहण्यापेक्षा एखादा रटाळ मंगळवार निवडा.

वारीतल्या रील्स पाहून गळ्यात तुळशीची माळ घालू नका. ती घालायची म्हणजे मांस-मद्य सोडणं, एकादशी, पंढरीची वारी, सगळं आलं. कुणा जाणत्याच्या हातून घालतात, ती जन्माची. आळंदीच्या दुकानातून घेऊन, फोटो काढून, पुढच्या रविवारी खिळ्याला टांगलेल्या माळा मी पाहिल्यात.

एकादशीबद्दल काय बोलू? वर्षाला २४, अधिक मास असला तर २६, आणि आमच्याकडे प्रत्येकीला साबुदाणा, वरई, बटाट्याचा कीस आणि वर केळ्याची शिकरण. म्हणच आहे, एकादशी आणि दुप्पट खाशी. मीही खाते, तूप घालून.

घरच्यांना वेठीला धरू नका. "रामकृष्णहरी... अरे दार उघड... रामकृष्णहरी... टीव्ही बारीक कर!" हा काय जप झाला? मी सरळ पोथी उपडी ठेवते, दार उघडते, आलेल्याला पाणी देते आणि त्याच अभंगावर परत येते. माझा मुलगा बिनडब्याचा शाळेत गेला तो दिवस मी विसरलेले नाही. तो मात्र विसरलाय म्हणतो.

आणि "काकू, महिना झाला, काहीच जाणवत नाही" असं मला विचारू नका. मलाही बहुतेक दिवशी काही जाणवत नाही.

शेवटची चूक फारच फालतू वाटेल, पण माझ्या वयाच्या बायकांचे निम्मे नेम तिनंच मोडतात: चष्मा. पोथी हातात घ्यायची, चष्मा शोधायला आत जायचं, आत वाटाणे सोलायचे राहिलेले दिसतात, ते झाले की दुपार होते. मी जुन्या नंबरचा चष्मा देवघराच्या खणात ठेवलाय, वातींच्या डब्याशेजारी. नंबर थोडा कमी पडतो, पण पाठच असल्यामुळे चालतं. नातवानं तो परवा खेळायला घेतला होता, तेव्हा मात्र मी ओरडले.