पियानो सुरात राहावा म्हणून आधी हवा सांभाळा

घरातला पियानो वाजवण्यामुळे उतरतो त्याहून कितीतरी अधिक तो खोलीतल्या ओलाव्याच्या चढउतारामुळे बिघडतो. त्याच्या दोनशेहून अधिक तारा मिळून 15 टनांपेक्षा जास्त ताण धरून असतात आणि त्यांचा दाब घोडीवाटे, म्हणजे तारांखालच्या लाकडी पट्टीवाटे, साउंडबोर्डवर, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पातळ लाकडी फळीवर येतो. दमट हवेत हे लाकूड फुगून उचलले जाते, तारा ताणल्या जातात व स्वर चढतो. कोरड्या हवेत लाकूड आक्रसते आणि स्वर उतरतो. हा परिणाम मधल्या सप्तकांत अधिक होत असल्याने पियानो नुसता चढत-उतरत नाही, तर आतल्या आत बेसूर होतो.

म्हणून पियानोजवळ आर्द्रतामापक ठेवावा आणि आकडा वर्षभर 40 ते 50 टक्क्यांच्या दरम्यान राहील असे पाहावे. माझ्या मते नेमक्या आकड्यापेक्षा त्याचे स्थिर राहणे महत्त्वाचे आहे. ऊन, हीटर, एसीचा झोत आणि ओल येणारी भिंत यांपासून वाद्य दूर असावे.

सूर ढळला आहे का, हे कानानेच तपासता येते. मधल्या सप्तकातील एकेक पट्टी हळू दाबून धरावी आणि स्वर विरेपर्यंत ऐकावे. तिथे एका पट्टीला बहुधा तीन तारा असतात. त्या जुळलेल्या असतील तर एकच सरळ स्वर ऐकू येतो, पण एक तार 440 हर्ट्झला आणि दुसरी 441 ला असेल, तर आवाज दर सेकंदाला एकदा हेलकावतो. असे हेलकावे देणाऱ्या पट्ट्या टिपून ठेवाव्यात.

ट्यूनरला वर्षातून दोनदा बोलवावे. मात्र ऋतू पालटल्याबरोबर किंवा पियानो हलवल्याबरोबर नव्हे, तर दोन-तीन आठवड्यांनी, लाकूड स्थिरावल्यावर. नव्या पियानोच्या तारा सैलावत असल्याने पहिल्या वर्षी तो अधिक वेळा लावून घ्यावा लागतो. बरीच वर्षे दुर्लक्षित राहिलेल्या पियानोचा स्वर आधी ढोबळपणे वर आणून मग पुन्हा बारकाईने जुळवावा लागतो, त्यामुळे एका भेटीत काम संपले नाही तर ट्यूनरला दोष देऊ नये.

तारा ज्यांवर गुंडाळलेल्या असतात त्या खुंट्या स्वतः पिळण्याचा मोह कृपया टाळावा, कारण अंशभर फिरवण्याने स्वर बदलतो आणि चुकीच्या जोराने तार तुटते किंवा खुंटीची पकड ढिली होते. नीट लावलेला पियानो काही दिवसांतच उतरू लागला, तर पुन्हा ट्यूनिंग करून घेण्याआधी खुंट्या ज्या लाकडात बसवलेल्या असतात ते तपासून घ्यावे.