तुटक रेषा आधी टेबलात, मग नकाशावर

पाणथळ जागांचा माझा पहिला नकाशा दुसऱ्या टीमकडे गेला आणि त्याच दिवशी खोटा ठरला. जिथे पाणथळ कुठे संपते ते नक्की कळत नव्हतं, तिथल्या पॉलिगॉनना (नकाशावरच्या बंद आकारांना) मी तुटक कड दिली होती. त्यांच्याकडे फाइल उघडली तेव्हा सगळ्या कडा सारख्याच ठसठशीत दिसल्या. त्यावरून त्यांनी क्षेत्रफळ काढलं आणि दशांशचिन्हापुढे दोन आकडे देऊन अहवालात घातलं. तो आकडा पाहून पोटात कालवलं होतं, ते अजून आठवतं.

नवीन असाल तर एवढं तरी नीट वाचा. तुटकपणा मी स्टाइलमध्ये, म्हणजे रेषा दिसावी कशी या सेटिंगमध्ये ठेवला होता, डेटात नाही. शेपफाइल (नकाशाच्या डेटाची फाइल) पाठवली की आकार जातो, ॲट्रिब्यूट टेबल, म्हणजे प्रत्येक आकाराच्या माहितीचा तक्ता, जातं. स्टाइल जात नाही. जिओपॅकेज या दुसऱ्या फाइल-प्रकारात क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर स्टाइल साठवू देतं, पण समोरच्याचं सॉफ्टवेअर वेगळं असेल तर तिचा भरवसा नाही. म्हणजे ‘मला इथे खात्री नाही’ हे वाक्य माझ्या स्क्रीनपुरतंच होतं.

शिवाय पॉलिगॉनची कड तुटक करणं मुळातच कच्चं काम. शेजारच्या दोन पॉलिगॉनची सामाईक हद्द दोनदा काढली जाते. एकीच्या फटींवर दुसरीचे तुकडे बसतात आणि रेषा अखंड दिसू लागते. मी अर्धा दिवस रेषेची जाडी बदलत बसले होते.

उपाय मात्र अवघड नाही. हद्दींचा वेगळा लाइन लेयर, म्हणजे फक्त रेषांचा थर, करा. खात्री जिथे बदलते तिथे रेषा तोडा. प्रत्येक तुकड्याला तीन फील्ड (टेबलातले रकाने) द्या: कशावरून ओढली, किती मीटर इकडेतिकडे असू शकते, चित्र कोणत्या तारखेचं. स्टाइल या फील्डवरून ठरू द्या. शेपफाइलमध्येच अडकला असाल तर फील्डचं नाव 10 रोमन अक्षरांत बसवा, पुढचं तुटतं.

मीटरचा आकडा मनाने टाकू नका. सेंटिनेल-2 उपग्रहाच्या सगळ्यात बारीक बँडचा पिक्सेल 10 मीटरचा असतो, त्यावरून ओढलेल्या रेषेला 2 मीटर लिहायला मन धजावू नये. 1:50,000 च्या छापील नकाशावरची अर्धा मिलिमीटर रेषा जमिनीवर 25 मीटर रुंद असते.

‘सरसकट बफर मार आणि मोकळी हो’, म्हणजे हद्दीभोवती एकाच रुंदीचा पट्टा काढ, हा सल्ला मलाही मिळाला होता. मला तो अजिबात पटत नाही. एका बाजूला बांध असतो, दुसऱ्या बाजूला गवत हळूहळू विरळ होत जातं. दोन्हीकडे सारखाच पट्टा काढला तर तुम्ही नवीन चूक तयार केली. शेपबर्स्ट फिल या रंग भरण्याच्या प्रकाराने कडा छान विरघळतात, पण तीही स्टाइलच. ती कडेपासूनच्या अंतरावर विरते, तुमच्या खात्रीवर नाही.

हद्द माहीत नाही, हद्द मुळातच पुसट आहे आणि हद्दीवर वाद आहे, ही तीन वेगळी प्रकरणं आहेत. पहिल्याला भूवैज्ञानिकांची जुनी रीत चालते: माहीत असेल तर सलग, अंदाजे असेल तर तुटक, झाकलेली असेल तर ठिपक्यांची, अस्तित्वाचीच शंका असेल तर प्रश्नचिन्ह. दुसऱ्यात रेषेचा हट्ट सोडा आणि 0 ते 1 मूल्यांचा रास्टर (बारीक चौकटींचा नकाशा) करा; संशोधक झादेह यांनी 1965 मध्ये मांडलेले फझी संच, ज्यात एखादी गोष्ट अंशतःही मोडू शकते, इथे कामी येतात. तिसऱ्यात दोन्ही दावे दोन रेषांनी दाखवा, मधली काढू नका.

मार्गदर्शक निवडता आला तर सगळी टूल्स पाठ असलेल्यापेक्षा ‘ही रेषा कशावरून?’ असं दर वेळी विचारणारा निवडा. मला असा माणूस उशिरा भेटला. त्या प्रश्नाने सुरुवातीला रडकुंडीला यायचे. महिनाभरात रेषा ओढायच्या आधीच उत्तर तयार असायला लागलं, तुमचंही होईल.

कोणी क्षेत्रफळ मागितलं तर दोन आकडे द्या: नक्की पाणथळ असलेला भाग, आणि शंकेची किनार धरून होणारा. आणि फाइल पाठवण्याआधी ती कोऱ्या प्रोजेक्टमध्ये, कुठलीही स्टाइल न लावता उघडा. फक्त टेबल वाचून कच्ची हद्द कुठे आहे ते कळत नसेल तर पाठवू नका.