यंत्राचा गार्ड कसा तपासावा

गार्ड, म्हणजे यंत्राच्या धोक्याच्या भागांवरचे संरक्षक आवरण, जागेवर बसलेला दिसला की तपासणी झाली असे अनेक ठिकाणी धरले जाते. प्रत्यक्षात बोटे तुटण्याचे आणि हात ओढला जाण्याचे कितीतरी अपघात अडकलेला तुकडा काढताना, रोलर पुसताना किंवा पट्टा बदलताना, म्हणजे गार्ड उघडलेला असतानाच होतात. म्हणून यंत्र चालू असताना एकदा आणि त्याची सफाई चालू असताना पुन्हा एकदा पाहणी करावी.

सुरुवातीला धोक्याच्या जागा शोधाव्यात. पाते, कटर किंवा डाय सहज लक्षात येतात. पट्टा पुलीवर चढतो ती जागा, चेन, उघडे कप्लिंग (दोन फिरते दांडे जोडणारा भाग) आणि एकमेकांकडे फिरणाऱ्या दोन रोलरांमधली फट मात्र नजरेतून सुटते. गुळगुळीत फिरणारा शाफ्टसुद्धा सैल बाही गुंडाळून घेतो. ड्रिलिंग मशीनवर हातमोजे घालणे सुरक्षित वाटते, पण फिरत्या ड्रिलमध्ये मोज्याचे टोक अडकले तर मोज्याबरोबर हातही ओढला जातो.

नंतर गार्डमधील फट आणि तिथून धोक्याच्या जागेपर्यंतचे अंतर मोजावे. आयएसओ १३८५७ या मानकानुसार सरळ, लांबट फट ८ ते १० मिलिमीटर रुंद असेल तर हे अंतर किमान ८० मिलिमीटर हवे, १२ ते २० मिलिमीटर असेल तर १२० मिलिमीटर. आणि फट २० च्या पुढे गेली की एकदम ८५० मिलिमीटर, कारण तिच्यातून हात खोलवर आत जाऊ शकतो. हे मोजमाप यंत्र पूर्ण बंद करून पट्टीने घ्यावे, बोट घालून कधीही नाही.

इंटरलॉकचा, म्हणजे गार्ड उघडताच यंत्र थांबवणाऱ्या यंत्रणेचा, स्विच तारेने बांधलेला किंवा चिकटपट्टीने दाबून ठेवलेला आढळल्यास ऑपरेटरला दोष देण्याआधी त्याला काम करताना काय अडते ते विचारावे. जॉब, म्हणजे यंत्रावर लावलेला तुकडा, दिसत नसेल, भुसा साचत असेल, दर वेळी चार बोल्ट काढावे लागत असतील, तर तो गार्ड टिकणार नाही. मला वाटते, अशा वेळी ताकीद देण्यापेक्षा पारदर्शक खिडकी किंवा बिजागरीचे इंटरलॉक असलेले दार बसवणे अधिक उपयोगाचे ठरते.

गार्ड काढावाच लागला तर मुख्य स्विच बंद करून स्वतःचे कुलूप लावावे आणि किल्ली स्वतःजवळ ठेवावी. फ्लायव्हील, म्हणजे यंत्र बंद केल्यावरही फिरत राहणारे जड चाक, थांबेपर्यंत वाट पाहावी, हवेचा दाब सोडावा, वर राहिलेल्या रॅमला (प्रेसच्या वर-खाली होणाऱ्या भागाला) ठोकळा लावावा आणि सुरू करण्याचे बटण दाबून यंत्र खरोखर निष्क्रिय असल्याची खात्री करावी. काढलेले बोल्ट हरवतात आणि गार्ड दोनच बोल्टांवर लटकत राहतो. त्यामुळे गार्डलाच अडकून राहणारे बोल्ट वापरावेत.