'ब्लॅक मिरर' पाहायची कशी? पहिल्या भागापासून तर नक्कीच नको

'ब्लॅक मिरर' या तंत्रज्ञानाभोवती फिरणाऱ्या ब्रिटिश मालिकेचा विषय निघाला की हमखास कोणीतरी म्हणतं, "पहिलाच भाग पाहिला आणि सोडून दिली." मला दर वेळी हळहळ वाटते. ही मालिका क्रमाने पाहायची गरज नाही, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. प्रत्येक भागाची गोष्ट वेगळी, पात्रं वेगळी. २०११ पासून २०२५ पर्यंत ७ सीझन झालेत, त्यात निवडीला भरपूर वाव आहे.

१. सुरुवातीचा भाग निवडा. ब्रिटनच्या चॅनल फोर वाहिनीवर डिसेंबर २०११ मध्ये आलेला पहिला भाग राजकीय आहे, किळसवाणा आहे आणि त्यात भविष्यातलं तंत्रज्ञान जवळपास नाहीच. त्याऐवजी त्याच सीझनमधला 'द एन्टायर हिस्टरी ऑफ यू' घ्या. त्यात कानामागे बसवलेलं यंत्र डोळ्यांना दिसलेलं सगळं साठवतं आणि एक नवरा बायकोची नजर पुन्हा पुन्हा मागे नेऊन तपासत बसतो. फार काळोखं नको असेल, तर 'सॅन जुनिपेरो' पाहा. २०१७ मध्ये त्याला दोन एमी पुरस्कार मिळाले, आणि ती खरोखर सुंदर प्रेमकथा आहे.

२. एका रात्री एकच भाग. पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय आधी बंद करा. शेवट मनात मुरायला वेळ लागतो. लगेच दुसरा लावला की पहिला पुसला जातो. शिवाय पडदा बंद झाल्यावर त्या काळ्या काचेत आपलाच चेहरा दिसतो. मालिकेचं नाव त्यावरूनच आलंय, असं निर्माता चार्ली ब्रूकर यांनी स्वतः सांगितलं आहे.

३. गोष्टीतलं यंत्र काढून पाहा. मत बनवायची माझी कसोटी हीच. यंत्र वजा केल्यावर मागे काय उरतं? 'द एन्टायर हिस्टरी ऑफ यू'मध्ये संशय उरतो. 'बी राइट बॅक'मध्ये एक बाई गेलेल्या जोडीदाराच्या मेसेजवरून बनवलेल्या प्रोग्रॅमशी बोलत राहते. तिथे शोक उरतो. 'नोजडाइव्ह'मध्ये लोक एकमेकांना पाचपैकी तारे देतात, आणि उरते ती चारचौघांनी आपल्याला चांगलं म्हणावं ही भूक. या तिन्ही गोष्टी यंत्राआधीही घडतच होत्या, यंत्राने फक्त त्यांना हाताशी आणून ठेवलं. म्हणून ही मालिका तंत्रज्ञानाच्या विरोधात आहे असं कोणी म्हटलं, तर ते मला पटत नाही. उलट 'मेटलहेड'मधून यांत्रिक कुत्रा काढला, तर माझ्या हाती थोडंच लागतं. पाठलाग मात्र श्वास रोखायला लावतो.

४. कुणाशी तरी बोला, पण "आवडली का?" असं विचारू नका. "तू कुठल्या क्षणी 'हो' म्हणाला असतास?" असं विचारा. २०२५ च्या 'कॉमन पीपल'मध्ये बायकोचा जीव एका मासिक वर्गणीवर टिकून आहे, आणि वर्गणी वाढतच जाते. पहिला हप्ता आपणही भरला असता. दुसराही.

५. उरलेल्याचा क्रम. 'यूएसएस कॅलिस्टर'चा २०१७ चा भाग आधी, २०२५ चा पुढचा भाग नंतर. २०२३ च्या सीझनमधल्या काही गोष्टी सरळ भयकथांकडे वळतात, त्या शेवटी ठेवल्या तरी चालतील. 'व्हाइट ख्रिसमस' मात्र दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल तेव्हाच लावा. तो मोठा आहे, एकात एक गुंफलेल्या तीन गोष्टींचा, आणि त्यानंतर मला बराच वेळ झोप लागली नव्हती.